घराजवळच्या क्लासमध्ये जपानी युद्धकला शिकायचीय? आधी पडायला शिका

कराटेचा क्लास शोधायला आपल्याकडे फार पायपीट करावी लागत नाही. महापालिकेच्या शाळेचं सभागृह, सोसायटीचं क्लबहाऊस, नाहीतर एखादी मोकळी गच्ची. संध्याकाळी कुठून तरी ‘इच, नी, सान’ (जपानीतले एक, दोन, तीन) कानावर येतंच. ज्युदोला मॅट लागते, त्यामुळे त्याचे क्लास कमी. आयकिदो, म्हणजे समोरच्याचा हल्ला वळवून त्याला पाडणं किंवा सांध्यात पकडणं, मुख्यतः मोठ्या शहरांत मिळतो, आणि केन्दो किंवा इआइदोसारखे तलवारीचे प्रकार त्याहून दुर्मीळ. चाळिशी ओलांडली तरी सुरुवात करता येते. मात्र मान, गुडघे किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते काय म्हणाले ते सरांच्याही कानावर घाला.

प्रकार निवडा, पण त्यात महिना घालवू नका

पाटीवर ‘सामुराईंची प्राचीन विद्या’ असं दिसलं की जरा जपून. जिगोरो कानो यांनी टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात ज्युदोची पहिली शाळा, कोदोकान, सुरू केली ते १८८२ साली. कराटे मुळात जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत त्याची प्रात्यक्षिकं दाखवली आणि मग ते मुख्य भूमीवर पसरलं. मोरिहेइ उएशिबा यांचा आयकिदो तर विसाव्या शतकातला. १८६८ च्या, म्हणजे सामुराई राजवट संपण्याच्या, आधीच्या युद्धकलेच्या घराण्यांना ‘कोर्यू’ म्हणतात आणि ती जपानातसुद्धा शोधावी लागतात. भारताशी ज्युदोचं नातं मात्र जुनं आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावलं होतं.

निवड साधी ठेवा. एकट्याने, थोड्या जागेत सराव करायचा असेल तर कराटे. अंगाला अंग भिडलेलं चालत असेल तर ज्युदो. आयकिदोत गुडघ्यांवर बसून बरंच काम असतं, तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर ते आधीच विचारून घ्या. आणि घरापासून दहा मिनिटांवर चांगला क्लास असेल तर तिथे जे शिकवतात ते शिका. तासभर ट्रॅफिकमधून जायचं म्हटलं की पावसाळ्यात दांड्या सुरू होतातच.

पैसे भरण्याआधी दोनदा बघायला जा

कोपऱ्यात शांत बसा आणि नवख्या मुलांकडे बघा. सरांची लाथ किती उंच जाते याला तूर्त महत्त्व नाही. नवा विद्यार्थी कोणाच्या हवाली केला जातो? ब्लॅक बेल्टवाला त्याला सांभाळून खाली आणतो, की हात साफ करून घेतो? कोणी मॅटवर थाप मारून शरण आला की पकड त्याच क्षणी सुटते का? नसेल सुटत, आणि सरही काही बोलत नसतील, तर तिथून निघा. मॅटच्या तुकड्यांमध्ये फटी आहेत का तेही बघून ठेवा, पायाची बोटं तिथेच अडकतात.

मग सरळ विचारा: संस्था कोणाशी संलग्न आहे, बेल्टच्या प्रमाणपत्रावर सही कोणाची, परीक्षा फी किती आणि वर्षातून किती वेळा? मासिक फी कमी आणि दर तीन महिन्यांनी परीक्षेचं बिल असा हिशेब बऱ्याच ठिकाणी असतो. जपानात ज्युदो शिकणारी मोठी माणसं सहसा पांढऱ्यावरून तपकिरी आणि तपकिरीवरून काळ्या पट्ट्यावर जातात. मधली रंगांची लांबलचक रांग युरोपात १९३० च्या दशकात रूढ झाली. लहान मुलांना तिचा हुरूप येतो हे खरं, पण मोठ्यांनी तिच्यासाठी खिसा रिकामा करू नये.

ड्रेस महिनाभराने घ्या

तोवर ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. सुती ड्रेस आटतो, म्हणून किंचित मोठा घ्या. घालताना डावी बाजू उजवीवर. जपानात उजवी बाजू वर घेतात ती मृतदेहाला कपडे घालताना. ड्रेस थंड पाण्यात धुवा, ओला पिशवीत कोंबू नका. नखं कापा, अंगठ्या आणि कडं घरी ठेवा.

पहिला दिवस

चपला दाराशी, टाचा आतल्या बाजूला करून ओळीत. आत शिरताना वाकून नमस्कार. रांग बेल्टप्रमाणे लागते, म्हणजे तुम्ही शेवटी. बसताना आधी डावा गुडघा टेकतात, उठताना आधी उजवं पाऊल. जोडीदारासमोर सुरुवातीला ‘ओनेगाइशिमास’ (कृपया माझ्याबरोबर सराव करा), शेवटी ‘आरिगातो गोझाइमाशिता’ (धन्यवाद). उशीर झाला तर कडेला थांबा, सरांनी खूण केल्यावरच आत या. ‘सेन्सेई’ म्हणायचं की ‘सर’, ते बाकीचे म्हणतात तसं.

पडणं: इथे घाई करू नका

जपानी शाळांमध्ये १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत ज्युदोच्या सरावात शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यांतले बहुतेक मृत्यू डोक्याला मार बसून झाले, आणि त्यात नवखी मुलं बरीच होती. म्हणून सुरक्षित पडणं, म्हणजे उकेमी, आधी. कराटेच्या बऱ्याच क्लासमध्ये ते शिकवतच नाहीत; तिथे मागून घ्या.

मागे पडायची पद्धत अशी. उताणे पडा, हनुवटी छातीकडे ओढा, नजर पट्ट्याच्या गाठीवर. डोकं मॅटला टेकू द्यायचं नाही. दोन्ही हात अंगापासून साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांवर, तळवे खाली, आणि कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात एकदम आपटायचा. त्याच वेळी श्वास सोडायचा. आधी कोपर लागलं तर हाड झणझणतं, आणि हात फार फाकला तर खांदा दुखतो. हे जमलं की बसून, मग उकिडवं बसून: बूड टाचांच्या जवळ टेकवा, पाठ गोल करा, लोळा, आणि पाठ टेकताच हात आपटा. उभ्याने सगळ्यात शेवटी.

मोठ्या माणसांची एक खोड जाता जात नाही. तोल गेला की हात मागे टेकवायला जातो आणि मनगट मोडतं. ती सवय मोडेपर्यंत, मग त्याला तीन महिने लागोत की सहा, मोकळी झुंज घेऊ नका. एखाद्या उत्साही सीनियरने ‘चला, एक राऊंड’ म्हटलं तर ‘सरांना विचारतो’ म्हणा. क्लास नीट असेल तर कोणाला राग येत नाही. घरी सतरंजीवर फक्त उताणं पडून करायचा भाग करा. उभ्याने पडायचं ते मॅटवरच, सरांसमोर.