मणक्याला मार लागलेल्या माणसाचं बीपी अचानक चढलं तर
छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल तर घरातल्या सगळ्यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इजेच्या खालच्या अंगाला काही टोचलं-तुंबलं की बीपी एकदम चढणं, माहीत पाहिजेच. डोकं ठणकतंय, तोंड लालबुंद, कपाळावर घाम, तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका, आडवं केलं की बीपी अजून चढतं. आधी ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा, मोजे सैल करा, मग कॅथेटरची (लघवीची) नळी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा, बऱ्याचदा घोळ तिथंच असतो, मांडीखाली दुमडलेली सापडते. नंतर संडास साठलीय का, जखम, आत वाढलेलं नख बघा. ह्यांचं वरचं बीपी एरवी 90-110 च असतं, त्यामुळं 140 म्हणजे लई झालं. उतरत नसेल तर थांबू नका, 108 लावा, सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) न्या, अन् डॉक्टरांना आजाराचं नाव स्पष्ट सांगा.