पंखा फिरत नाही म्हणून पंखा बदलू नका

फोंड्याजवळ आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) पंपघराच्या भिंतीवर एक रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आहे. पंप चालू-बंद करतो, कॅमेरा सांभाळतो. वर पत्रे असल्यामुळे मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नाही, म्हणून त्याला पंखा हवाच. गेल्या वर्षी तो फिरेना, तेव्हा मी लागोपाठ दोन नवे पंखे मागवले. तिन्ही पंखे ठणठणीत होते. घोळ पंखा चालू-बंद करणाऱ्या माझ्या ट्रान्झिस्टरच्या पायांत होता.

तेव्हा आधी रास्पबेरी पाय बंद करा, पंखा सर्किटमधून काढा आणि त्याची लाल वायर पिन ४ ला (५ व्होल्ट), काळी पिन ६ ला (ग्राउंड) लावून रास्पबेरी पाय पुन्हा चालू करा. पंखा फिरला तर त्याची चौकशी संपली. वायरी उलट लागल्या तर हे ब्रशलेस पंखे उलटे फिरत नाहीत, फिरतच नाहीत. आणि लाल वायर थेट जीपीआयओला (प्रोग्रामने चालू-बंद होणाऱ्या पिनला) लावून 'चालतो का बघू' म्हणू नका. त्या पिनची ताकद १६ मिलिअँपच्या आसपास, पंखा मागतो त्याच्या कैक पट.

आता ट्रान्झिस्टर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ चे नेमके उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. पी२एन२२२२ए हा त्याचाच भाऊबंद, पण पाय पुन्हा बीसी५४७ सारखे! दिसायला तिघेही काळे ठिपके. अंगावरचा नंबर भिंगातून वाचा आणि डेटाशीट उघडा. आठवणीवर जोडणी करू नका, मी तेच केलं होतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पंखा एमिटरच्या बाजूला जोडणं. जीपीआयओचे ३.३ व्होल्ट, त्यातून बेस-एमिटरचे ०.७ वजा, म्हणजे पंख्याच्या वाट्याला फार तर २.६. तेवढ्यावर तो थरथरतो, पण सुटत नाही. एमिटर थेट ग्राउंडला, पंखा ५ व्होल्ट आणि कलेक्टरच्या मध्ये, बेस आणि जीपीआयओच्या मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर. पंख्याला समांतर डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) लावता, त्याची पट्टी ५ व्होल्टकडे हवी. उलटा लागला तर पंखा गप्प आणि ट्रान्झिस्टरला बोट लावता येत नाही.

मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) वापरणाऱ्यांनी आयआरएफझेड४४एन टाळावा. ३.३ व्होल्टवर त्याचं गेट धड उघडत नाही. आयआरएलझेड४४एन घ्या. फरक एका अक्षराचा आहे.

सर्किट बरोबर असूनही पंखा हुकूम ऐकत नसेल तर सेटिंग बघा. पंखा जीपीआयओ १४ वर असेल, तर तीच सीरियल पोर्टची पिन. सीरियल कन्सोल (त्या पोर्टवरून संगणकाशी बोलायची सोय) चालू असेल तर दोघांची ओढाताण होते. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे, जुन्या जागी लिहिलेलं कुणी वाचत नाही. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेन्यूत पंखा सुरू व्हायला आधीच ८० अंश भरलेले असतात. तिथेच रास्पबेरी पाय स्वतःचा वेग कमी करू लागतो, मग त्या पंख्याचा उपयोग काय? मी ६० ठेवतो. मात्र चालू झालेला पंखा ५० पर्यंत उतरल्याशिवाय थांबत नाही, आणि आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात ५० कधी येतच नाही. तो दिवसभर फिरतो, तो बिघाड नव्हे.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. जुलैत पंखा पुन्हा बंद पडला. मल्टिमीटर पंखा काढून ५ व्होल्ट दाखवत होता, मला काही उमगेना. मोटार रिवाइंड करणारे आमचे एक काका पंप बघायला आले होते, ते म्हणाले, "अरे बाबा, ओझं नसताना काय मोजतोस? पंखा लाव आणि मग मोज." लावला तर ५ चे ३ झाले. ब्रेडबोर्डमधून (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पट्टीतून) वायर उपसली, टोकाला हिरवा थर. आतल्या पत्तीलाही तोच. वायर घासून लावली की चार दिवस चालायचं, मग पुन्हा तेच.

शेवटी सगळं झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या सर्किट बोर्डावर) सोल्डर केलं. जादा पंख्यांपैकी एक घरच्या राउटरवर बसला आहे, दुसरा अजून डब्यात.