पिल्लू ट्रे सोडून गादीवर शू करतंय? या चुका टाळा

मांजराचं पिल्लू घरी आलं की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग एका सकाळी गादीला वास येतो, पुढे सोफ्यामागे शी सापडते आणि घरात बोलणं सुरू होतं की हे पिल्लूच घाणेरडं आहे, याला सवय लागणार नाही. एवढ्याच कारणावरून कितीतरी पिल्लं पुन्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मासळी बाजाराच्या आसपास सोडली जातात. घरात वाढलेलं पिल्लू तिथे फार तग धरत नाही. म्हणूनच शी-शूचा हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. तो सुटतो, आणि बहुतेक घरांत लवकर सुटतो.

उकरायचं, शी करायची आणि वरून माती ओढायची, हे मांजराला उपजत येतं. जन्मल्यावर साधारण तीन आठवडे आई पोटाखाली चाटून पिल्लाची शी-शू करवते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते स्वतःच एखादी भुसभुशीत जागा शोधून पंजे मारू लागतं. त्यामुळे दोन महिन्यांचं धडधाकट पिल्लू ट्रे, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेलं उथळ भांडं, वापरत नसेल, तर आधी आपण मांडलेल्या व्यवस्थेत चूक शोधायची.

पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं सोडणं

एवढ्याशा जिवाला दोन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा अफाट असतो. हॉलमध्ये खेळता खेळता शू लागली आणि ट्रे मागच्या बाल्कनीत असला, तर ते पोचणार कसं? तिथला रस्ताही त्याला अजून आठवत नसतो. मग जवळचं पायपुसणं किंवा धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग कामी येतो. एकदा तिथे वास बसला की दुसऱ्या खेपेला नाक त्याला तिथेच नेतं.

सुरुवातीला पिल्लाला एकाच खोलीत ठेवा. एका कोपऱ्यात झोपायची जागा आणि जेवण, समोरच्या कोपऱ्यात ट्रे. झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि दमेपर्यंत खेळल्यावर त्याला उचलून ट्रेमध्ये ठेवा आणि जरा मागे सरका. त्याचा पंजा धरून उकरायला लावू नका. पुष्कळ जण प्रेमापोटी असं करतात, पण पकडून ठेवलेलं पिल्लू घाबरतं आणि ट्रे म्हणजे काहीतरी अप्रिय, एवढंच लक्षात ठेवतं. सलग काही दिवस एकही चूक झाली नाही की मग दुसरी खोली उघडा.

ट्रे निवडताना आणि ठेवताना

दुकानात मिळणारे झाकणाचे, दाराचे ट्रे दिसायला छान असतात, कारण आतली घाण आपल्याला दिसत नाही. पिल्लाला मात्र आत कोंडलेला वास येतो आणि बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. सुरुवातीला उघडा, उथळ ट्रे घ्या. पुढची कड पाच-सात सेंटिमीटरपेक्षा उंच नको. प्लास्टिकचं उथळ घमेलंही चालतं. पिल्लू वाढलं की मोठा ट्रे लागतो. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या साधारण दीडपट ट्रे असावा. दुकानातले बरेच ट्रे मोठ्या बोक्याला अपुरे पडतात. मग तो बिचारा पुढचे पाय आत ठेवून बसतो आणि शू मागे फरशीवर पडते. त्याच्या दृष्टीने त्याने ट्रेच वापरलेला असतो.

जागा शांत हवी. वॉशिंग मशीनशेजारी ट्रे ठेवला आणि शू करताना मशीन गरगरायला लागलं, तर एवढ्या एका दचक्याने पिल्लू ती जागा कायमची सोडू शकतं. जेवणाच्या वाटीशेजारी तर ट्रे नकोच. बाल्कनीत ठेवायचा असेल, तर जाळी पक्की हवी आणि पावसाचे शिंतोडे येता कामा नयेत, कारण भिजलेल्या लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमध्ये भरलेल्या मातीत किंवा दाण्यांत, मांजर पाय घालत नाही. बाल्कनीचं दार रात्री बंद होत असेल, तर रात्रीसाठी घरात दुसरा ट्रे ठेवावाच लागेल.

ट्रे किती? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. दोन भावंडं आणली असतील तर तीन, तेही वेगवेगळ्या जागी. एकाला एक लावून ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात. लहान घरात हे अवघड आहे हे खरं, पण एका पिल्लालाही दोन ट्रे दिले की निम्म्या तक्रारी मिटतात. काही मांजरांना शू एकीकडे आणि शी दुसरीकडेच करायची असते.

ट्रेमध्ये काय भरलंय?

आपल्याकडे जुन्या घरांतून मांजरासाठी चुलीची राख किंवा वाळू ठेवायचे. अमेरिकेतही तीच पद्धत होती. १९४७ साली मिशिगनमधल्या एड लोव यांनी शेजारणीला राखेऐवजी सुकवलेल्या चिकणमातीचे दाणे दिले, आणि तिथून लिटरचा धंदा उभा राहिला. ती माती ज्या जातीची होती, तिला आपण मुलतानी माती म्हणतो. गुठळी होणारं लिटर बरंच नंतर आलं. ते बेंटोनाइट या मातीचं असतं. पाणी शोषून ती फुगते आणि घट्ट गोळा होतो. मोठ्या मांजरासाठी हे उत्तम.

पण अगदी लहान पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं. पोटात गेलेलं बेंटोनाइट तिथेही फुगणारच, आणि आतडं तुंबू शकतं. निदान तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत गुठळी न होणारं लिटर वापरा. कागदाच्या किंवा पाइनच्या लाकडाच्या गोळ्या मिळतात, त्या ठीक. चाळून, धुऊन वाळवलेली बारीक वाळूही चालते, फक्त ती वास धरून ठेवत नाही, म्हणून वरचेवर पूर्ण बदलावी लागते. थर साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचा पुरतो.

लॅव्हेंडर, लिंबू, गुलाब अशा वासाची लिटरं माणसांच्या नाकासाठी बनवलेली असतात. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्याला तो वास अंगावर येतो. बिनवासाचंच घ्या. कंपनी किंवा प्रकार बदलायचा असेल, तर जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठवडाभरात बदला. ऑफर लागली म्हणून एका रात्रीत सगळं लिटर बदललं आणि मांजर दुसऱ्या दिवशी गादीवर गेलं, असं अनेक घरांत होतं.

रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला माती ओळखीची असते. त्याच्या ट्रेमध्ये पहिले काही दिवस लिटरवर मूठभर कोरडी माती पसरा आणि हळूहळू कमी करा. अशी पिल्लं तुळशीच्या कुंडीतही हमखास बसतात, कारण ती माती रोज भुसभुशीत केलेली असते. कुंडीवर ओरडून उपयोग नाही. मातीवर मोठे गोटे मांडा किंवा जाळी कापून बसवा. पंजा मातीपर्यंत पोचला नाही की ते नाद सोडतं.

“आज राहू दे, उद्या काढू”

ट्रेमधली घाण दिवसातून दोनदा काढा, निदान एकदा तरी काढाच. पूर्ण लिटर टाकून ट्रे साध्या साबणाने धुवायचं काम आठवड्याच्या सुमारास. पहिल्या एक-दोन दिवसांत मात्र ओल्या लिटरचा एखादा चमचा मुद्दाम ट्रेमध्येच राहू द्या. त्या वासामुळे जागा ओळखायला मदत होते. काढलेलं लिटर कमोडमध्ये टाकू नका. बेंटोनाइट पाइपात फुगून बसलं, तर तो खर्च मोठा असतो.

रोजच्या सफाईचं आणखी एक कारण आहे. घरात कुणी गरोदर असलं की टॉक्सोप्लाझ्माच्या भीतीने मांजर बाहेर काढायचा सल्ला लगेच मिळतो. हा परजीवी मांजराच्या शीतून पडतो, पण पडल्या पडल्या तो संसर्ग करत नाही. त्याला किमान एक दिवस लागतो. शी रोज उचलली जात असेल आणि ते काम घरातलं दुसरं कुणी करत असेल, तर धोका खूपच खाली येतो. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांच्याबाबतीतही तेवढीच काळजी घ्यायला हवी. त्यासाठी मांजराला घर सोडायला लावू नका.

फिनेल आणि डेटॉल: सगळ्यांत मोठी चूक

पिल्लाने फरशीवर शू केली की आपला हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडे जातो. कृपया तो थांबवा. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलसारखी द्रव्यं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल, आणि डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल. असली द्रव्यं मोडून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची यंत्रणा माणसांत आणि कुत्र्यांत चांगली चालते. मांजरात ती फार दुबळी असते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही मुख्यतः याच कारणाने. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते सगळं पोटात जातं. तोंडातून लाळ गळणं, जिभेवर फोड, पाय लटपटणं अशी लक्षणं दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या. एक ढोबळ खूण लक्षात ठेवा: पाण्यात टाकल्यावर जे जंतुनाशक दुधाळ होतं, ते मांजराच्या घरात नको.

बरं, फिनेलने कामही होत नाही. मांजराच्या मूत्रातले युरिक अ‍ॅसिडचे क्षार साध्या पाण्याने नीट निघत नाहीत. फिनेलचा वास उडून गेला की खालचा वास राहतो. आपल्याला तो येत नाही, पिल्लाला येतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की तो पुन्हा उठतो आणि दोन महिन्यांपूर्वी सुटलेली सवय परत आल्यासारखी वाटते. अमोनियाचा वास असलेली क्लीनरही टाळा, कारण तो वास मूत्राच्या जवळचा. ब्लीच तर मूत्रावर कधीच ओतू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.

करायचं ते असं. शू आधी कागदाने किंवा जुन्या फडक्याने दाबून टिपून घ्या, घासू नका. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर भरपूर ओता आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं तसंच राहू द्या. लगेच पुसलं तर पैसे वाया. गादीत शू जेवढी खोल गेली असेल, तेवढं खोल हे द्रव पोचायला हवं. फरशीसाठी तात्पुरतं निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं, संगमरवर सोडून. गोधडी-चादरी धुऊन कडक उन्हात वाळवा. सवय पूर्ण लागेपर्यंत बेडरूमचं दार बंद ठेवलं, तर निम्मी धुणी वाचतील.

नाक घासणं, चापट मारणं

केलेल्या घाणीत पिल्लाचं नाक घासायचं, मानगूट धरून हलवायचं, हे अजूनही अनेक घरांत चालतं. मागे घडलेल्या गोष्टीशी ही शिक्षा पिल्लाला जोडता येत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की या माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, दिसणार नाही अशा ठिकाणी जातं आणि प्रश्न दुप्पट होतो. चुकीच्या जागी बसताना दिसलं, तर आवाज न चढवता उचला आणि ट्रेमध्ये ठेवा. ट्रेमध्ये केलं की लगेच एखादा खाऊ द्या, गळ्याखाली खाजवा.

वाटीभर दूध

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या मनात इतकी घट्ट आहे की आजीपासून नातवापर्यंत सगळे वाटी पुढे करतात. आईचं दूध सुटलेल्या बहुतेक पिल्लांना गाय-म्हशीच्या दुधातलं लॅक्टोज पचत नाही. पातळ शी होते, घाई होते आणि ट्रेपर्यंत पोचेपर्यंत दम निघत नाही. सवय बिघडली असं आपल्याला वाटतं, बिघडलेलं असतं पोट. दूध बंद करा, स्वच्छ पाणी ठेवा, पिल्लांचं खाणं द्या. तरीही शी पातळच राहिली किंवा जंत दिसले, तर डॉक्टरांकडून जंताचं औषध वजनावर ठरवून घ्या. माणसांचं औषध अंदाजाने देऊ नका.

सवय लागली होती, आता मोडली

इथे आधी घरात काय बदललं ते पाहा. दिवाळीच्या रंगकामात ट्रे हलला, गणपतीत पाहुण्यांनी घर भरलं, नवं मांजर आलं, फटाक्यांनी ते हादरलं. अशा वेळी पुन्हा एका खोलीपासून सुरुवात करा. ट्रेची जागा बदलायचीच असेल, तर रोज थोडा थोडा सरकवा.

पाच-सहा महिन्यांचा बोका उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर पिचकारी मारत असेल, तर तो सवयीचा प्रश्नच नाही. तो हद्द आखतोय. भाटीही माजावर आली की असं करू शकते. नसबंदीनंतर हे बहुतेक मांजरांत थांबतं, आणि वास भिनण्याआधी केली तर उत्तम. पिल्लू चार महिन्यांचं झालं की पशुवैद्यांशी याबद्दल बोलून ठेवा.

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय, थेंबभरच शू होतेय किंवा काहीच होत नाहीये, ओरडतोय, मागची जागा सारखी चाटतोय, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून थांबू नका. मूत्रमार्ग तुंबल्याची ही लक्षणं असतात. एक-दोन दिवसांत त्यात जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना शोधा. चोवीस तास उघडा असलेला आपल्या जवळचा पशुदवाखाना कोणता, हे आजच विचारून त्याचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.