शाळेतलं पाणी आणि संडास : या चुका टाळा

कुणाच्या स्मरणार्थ इंदूरच्या एखाद्या सरकारी प्राथमिक शाळेला वॉटर कूलर द्यायचं मनात असेल, तर आधी शाळेच्या गच्चीवर चढून टाकी बघा. नदीकाठच्या जलूद गावाहून पंपाने येणारं नर्मदेचं पाणी शहरातल्या बऱ्याच वस्त्यांना एक दिवसाआड मिळतं. टाकी ५०० लिटरची आणि मुलं शंभर असली, तर पहिल्याच दुपारी कूलरही कोरडा आणि संडासही.

हिशेब करा. पिणं आणि हात धुणं मिळून मुलामागे रोज ५ लिटर, डबड्याने पाणी ओतायच्या संडासाला आणखी २ लिटर. म्हणजे १०० मुलांना ७०० लिटर, दोन दिवसांचे १,४००. हजार लिटरच्या दोन टाक्या बसवल्या तर पाण्याची पाळी थोडी लांबली तरी निभावतं, आणि एक धुवायला काढली तरी दुसरी चालू राहते.

सगळ्यात जास्त चुका ब्लीचिंग पावडरीत होतात. मूठभर पावडर थेट टाकीत टाकली की चुन्याचे गोळे तळाशी बसतात, नळ चोंदतात, पाण्याला उग्र वास येतो आणि मुलं ते पीत नाहीत. ताज्या पावडरीचं प्रमाण १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम. एकदा सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोलून एखाद्या झाकणावर खूण करून ठेवा. पावडर मगभर पाण्यात कालवा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. अर्धा तास नळ बंद. पुरेसं पडलं की नाही, हे टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर ओटी टेस्टने (थेंब टाकून पाण्याच्या पिवळेपणावरून क्लोरीन मोजायची चाचणी) बघायचं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण तोवर क्लोरीन उतरलेलं असतं. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसलं पाहिजे. नाहीच दिसलं तर आधी पावडर तपासा : उघड्या पिशवीतल्या पावडरीचा जोर जातो. टँकरचं पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच संपतं, म्हणून आधी पाणी निवळू द्या.

मुलं जेवणाआधी हात धुत नाहीत, अशी तक्रार असते. त्यांना दोष देऊ नका, नळ मोजा. एका मुलाला ४० सेकंद धरले तर एका नळावर शंभर मुलांना तासाहून अधिक लागेल. दीड इंची पीव्हीसी पाइपला खालच्या बाजूने फूटभर अंतरावर २ मिलिमीटरची दहा भोकं पाडा, एका टोकाला व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला आट्यांची टोपी बसवा. दहा जण एकदम हात धुतात. टोपी उघडता येणारी हवी, नाहीतर भोकं क्षारांनी बुजली की पाइपच टाकून द्यावा लागतो. पाइपची उंची पहिलीतल्या मुलाच्या कमरेला धरून ठरवा. साबणाची वडी हरवते. दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून झाकणाला भोक पाडा. बाटलीवर ‘पिऊ नका’ असं मोठ्या अक्षरात लिहा, चित्रही काढा.

संडास चकचकीत व्हावा म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि कोंदट खोलीत सफाई करणाऱ्या मावशींच्या जिवावर बेततं. ब्रश आणि साध्या साबणाच्या पाण्याने रोज घासलं तर ॲसिड लागतच नाही.

ड्रेनेज लाइन पोचलेली नाही तिथे दोन शोषखड्डे करतात. माळव्याची काळी माती पाणी सहज झिरपू देत नाही, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चहूबाजूंनी ३० सेंटिमीटर वाळू-खडीचा थर दिला नाही तर पावसाळ्यात पाणी उलटं भांड्यात येतं. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवणं ही नेहमीची चूक. संडासाचं पाणी दोन खड्ड्यांकडे वळवणाऱ्या चेंबरमधलं एक तोंड वीट लावून बंदच हवं. पहिला भरला की दुसरा उघडायचा आणि पहिल्याला दोन वर्षं हात लावायचा नाही.

आणि मुलींच्या संडासाची कडी : आतून, सात वर्षांच्या मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.