बडोद्याहून क्रूझला निघताय? जहाज कुठे लागतं ते पाहताना या चुका टाळा

भावनगरजवळच्या घोघ्याला जाणाऱ्या फेरीची गोष्ट बडोदेकरांना वेगळी सांगायला नको. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती दहेजहून सुरू झाली. नर्मदेच्या मुखाशी गाळ साचत गेला, जहाजाला लागते तेवढी खोली मिळेना, सेवा बंद पडली आणि नोव्हेंबर २०२० पासून फेरी हजीऱ्याहून सुटू लागली. दहेज भरूचकडे, हजीरा सुरतेच्या पलीकडे. तरी "भावनगरला ना? दहेजहून बोट आहे की!" असं ठासून सांगणारे एखादे काका दांडिया बाजारात आजही भेटतील. क्रूझच्या बाबतीत असा सल्ला फार महाग पडतो, कारण सुटलेल्या जहाजाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

शहराच्या नावालाच पत्ता समजणं

व्हाउचरवर 'मुंबई' दिसलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर गेटवे ऑफ इंडिया येतो. तिथून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच सुटतात, क्रूझ नाही. मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो सुटते ती भाऊच्या धक्क्यावरून. २०१८ मध्ये सुरू झालेली मुंबई-गोवा क्रूझ 'आंग्रिया'सुद्धा त्याच बाजूच्या देशांतर्गत टर्मिनलवरून जायची. ती फेरी थांबली, पण तिचे व्हिडिओ अजून फिरतात आणि लोक ते पाहून टॅक्सीवाल्याला पत्ता सांगतात. मोठी क्रूझ जहाजं बॅलार्ड पिअरच्या बाजूला लागतात. तिथलं नवं मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल इंदिरा गोदीत असून त्याचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला भावनगरच्या कार्यक्रमातून झालं. त्याआधीचे प्रवासी गोदीच्या 'ग्रीन गेट'चा पत्ता सांगतात. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मेव्हण्याचा शब्द प्रमाण मानू नका. तुमच्या तारखेला कुठल्या गेटमधून आत सोडणार, हे टर्मिनलच्या नावासकट कंपनीकडून लेखी घ्या.

परदेशात घोळ आणखी मोठा. क्रूझच्या जाहिरातीतलं 'रोम' म्हणजे चिवितावेक्या, शहरापासून सत्तरेक किलोमीटर दूर. 'लंडन' बहुतेक वेळा साउदॅम्प्टन निघतं, 'पॅरिस' ल हाव्र, 'बँकॉक' लेम चाबांग. व्हेनिसमध्ये तर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायची बंदी आहे. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत व्हेनिस लिहिलेलं असलं तरी जहाज सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या रावेन्नात उभं असू शकतं. एकाच शहरात चुकीच्या टर्मिनलवर गेलात तर टॅक्सी करून निभावेल. शहरच चुकलं तर काही इलाज नाही. म्हणून आधी कार्यक्रमपत्रिकेत शहराच्या नावापुढे कंसात दिलेलं दुसरं गाव वाचा, हॉटेल त्यानंतर बुक करा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. व्हेनिसचं स्वस्त हॉटेल आधी पक्कं होतं आणि बंदराचं नाव निघण्याच्या आठवड्यात उघडून पाहिलं जातं.

बंदर बरोबर, टर्मिनल चूक

बडोद्याहून बरेच लोक सिंगापूरची क्रूझ घेतात. तिथे दोन टर्मिनलं आहेत. एक २०१२ मध्ये उघडलेलं मरीना बे क्रूझ सेंटर, ज्याला मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन जवळ पडतं. दुसरं हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर, व्हिवोसिटी मॉलला लागून. ड्रायव्हरला नुसतं 'क्रूझ सेंटर' म्हणालात तर तो दोन्हीपैकी कुठेही नेईल आणि त्यात त्याची काही चूक नाही. दुबईतही जुनं पोर्ट रशीद आणि २०२१ पासूनचं दुबई हार्बर अशा दोन जागा आहेत.

टर्मिनल कधी कधी जहाजाच्या आकारावरच ठरतं. सिडनीच्या हार्बर ब्रिजखाली सुमारे ४९ मीटर उंची मिळते, त्याहून उंच जहाज पुलापलीकडच्या व्हाइट बे टर्मिनलला जाऊच शकत नाही. मुलाकडे सिडनीला गेलेल्या आजी-आजोबांनी 'मागच्या वेळी इथूनच चढलो होतो' म्हणण्याआधी या वेळचं जहाज कोणतं ते पाहावं. कंपनी तीच असली तरी जहाज बदललं की धक्का बदलू शकतो. उलटही घडतं. एकच जहाज ऋतूप्रमाणे बंदर बदलतं. कॉर्डेलिया या भारतातल्या क्रूझ कंपनीचं जहाज २०२२ च्या पावसाळ्यात चेन्नईहून फेऱ्या करत होतं. तेव्हा कंपनीचं नाव, जहाजाचं नाव आणि तारीख, तिन्ही जुळवून पाहा.

एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजवर थांबणं

एजंट मुद्दाम फसवतो असं नाही. तो बरेचदा मागच्या ग्रुपचा मेसेज पुढे ढकलतो, इतकंच. त्याच्याकडून क्रूझ कंपनीचा बुकिंग क्रमांक मागून घ्या, एजन्सीचा नव्हे. त्या क्रमांकाने कंपनीच्या संकेतस्थळावर वेब चेक-इन करता येतं आणि मिळणाऱ्या बोर्डिंग पासवर टर्मिनलचं नाव आणि पोहोचायची वेळ असते. मग बंदराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या तारखेला येणाऱ्या जहाजांची यादी मिळते का ते बघा. दोन्हीकडे एकच नाव असेल तर निश्चिंत व्हा. वेगळं दिसलं तर कंपनीला फोन करा आणि उत्तर ईमेलवर मागा. आदल्या रात्री कंपनीचे मेसेज आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर पुन्हा पाहायचा, कारण धक्का शेवटच्या दिवशीही बदलू शकतो.

जहाजांची जागा दाखवणारी मरीनट्रॅफिकसारखी ॲप हल्ली बऱ्याच मोबाइलवर असतात. त्यातलं 'पुढचं ठिकाण' जहाजावरचे लोक हाताने भरतात आणि तिथे बहुधा बंदराचा कोड असतो, टर्मिनल नसतं. चढायच्या सकाळी मात्र जहाज नकाशावर कुठल्या धक्क्याला टेकलंय ते दिसतं. आठवडाभर आधी पाहून उपयोग नाही.

गाडी कुठे उतरवते ते न पाहणं

एके काळी फ्रंटियर मेल बोटीच्या प्रवाशांसाठी थेट बॅलार्ड पिअरच्या स्टेशनातून निघून बडोद्यावरून उत्तरेला जायची. तेव्हाच्या लोकांचं एक बरं होतं! आता बडोद्याच्या गाड्या मुंबई सेंट्रल, दादर किंवा वांद्रे टर्मिनसला जातात. बॅलार्ड पिअरला मुंबई सेंट्रल जवळ, वांद्रे बरंच लांब, आणि गोदीच्या सर्वांत जवळचं मोठं स्टेशन मध्य रेल्वेचं सीएसएमटी आहे. तिकीट काढतानाच हे पाहा. चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, तेव्हा त्याच सकाळच्या गाडीवर भरवसा ठेवू नका, आदल्या दिवशी पोहोचा.

चुकीच्या गेटवर उतरलातच तर

सामान घेऊन गोदीच्या भिंतीकडेने चालत सुटू नका. आतून एका गेटवरून दुसऱ्याला जाता येत नाही, मुंबईत पहारा सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाचा असतो. टॅक्सी सोडण्याआधी पहाऱ्यावरच्या जवानाला बोर्डिंग पास दाखवा आणि जहाजाचं नाव सांगून बरोबर गेट विचारा. दरम्यान घरच्या एकाने कंपनीच्या हेल्पलाइनला बुकिंग क्रमांक देऊन आपण वाटेत आहोत हे कळवावं. जहाज त्यासाठी थांबेलच असं नाही, पण चेक-इनच्या खिडकीवर तुमची नावं माहीत असलेली बरी. तो क्रमांक आणि टर्मिनलचं नाव कागदावरही लिहून ठेवा, एजंटला द्यायच्या प्रतीवर नव्हे, आपल्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये.