कुरमुऱ्याचे लाडू बिघडतात कुठे? या चुका टाळा

संक्रांत जवळ आली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. "लाडू वळलेच गेले नाहीत", नाहीतर "वळले, पण दुसऱ्या दिवशी चिवट झाले." साहित्य मोजून दोन, कुरमुरे आणि गूळ. (तुमच्याकडे चुरमुरे म्हणत असतील किंवा मुरमुरे, जिन्नस तोच.) त्यामुळे हे काम पोरखेळ वाटतं आणि आपण गाफील राहतो. बेसन भाजायला तासभर उभी राहणारी माणसं इथे पाकाला चार मिनिटं द्यायला तयार नसतात.

पाक कच्चा काढणं

दहापैकी आठ वेळा घोटाळा इथेच होतो. गूळ विरघळतो, फेस येतो आणि तो जळेल या धास्तीने आपण गॅस बंद करतो. त्या वेळी पाकात पाणी शिल्लक असतं. ते कुरमुऱ्यांत मुरतं, कुरमुरे मऊ पडतात आणि लाडू दाताला चिकटतो.

शेजारी थंड पाण्याची वाटी ठेवा आणि पाकाचा थेंब त्यात टाका. थेंब पसरला तर पाक कच्चा आहे. बोटाने गोळा करता आला, पण दाबल्यावर चपटा झाला, तरीही थांबा. तिळाच्या मऊ वड्यांना तो पाक चालतो, इथे नाही. गोळी कडक व्हायला हवी, स्टीलच्या ताटलीवर टाकली की टणकन वाजायला हवी. थर्मामीटर असेल तर आकडा 130 अंश सेल्सिअसच्या आसपास दिसेल. मऊ गोळी आणि टणक गोळी यांत जेमतेम एक-दोन मिनिटांचं अंतर असतं, तेव्हा आच मंद ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला थेंब टाकून बघा. प्रत्येक वेळी पाणी बदला. कोमट पाण्यात गोळी खोटं बोलते.

पाक पुढे गेला, काळपट होऊन करपल्याचा वास आला, तर त्यावर इलाज नाही. कडू पाकात चांगले कुरमुरे घालून ते वाया घालवू नका.

गुळाचंही बघा. चिक्कीचा गूळ लवकर कडक होतो. साध्या गुळाचे लाडू होतात, पण पाकाला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. विरघळण्यापुरतं दोन-तीन चमचे पाणी पुरतं. अर्धी वाटी ओतलं तर ते आटेपर्यंत ढवळत बसाल. तूप एक चमचा. जास्त घातलं की लाडू धरत नाहीत.

कुरमुरे थेट पुडीतून कढईत

दुकानातून आणलेले कुरमुरे कुरकुरीत वाटले तरी थोडे सादळलेले असतातच. मंद आचेवर पाच मिनिटं भाजा. बोटांत चुरडल्यावर आवाज आला पाहिजे. त्याआधी चाळून घ्या. तळाशी बसलेला भुसा पाक पिऊन टाकतो, आणि भट्टीतली वाळू चुकून राहिली असेल तर ती दाताखाली कळतेच! भाजलेले कुरमुरे गरम असतानाच पाकात घाला. गार कुरमुऱ्यांवर पाक पडताक्षणी आवळतो आणि निम्मे कुरमुरे कोरडे राहतात.

एक वाटी चिरलेल्या गुळाला चार ते पाच वाट्या कुरमुरे हे माझं प्रमाण. लाडू धरत नाहीत म्हणून गूळ वाढवणारे बरेच भेटतात. त्याने लाडू धरतो खरा, पण खाताना नुसता गुळाचा खडा लागतो. डाळं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप हवे तर घाला, मात्र सगळं भाजलेलं हवं. ओलं खोबरं नको.

वळताना एकटं असणं

गॅस बंद केल्यापासून हाताशी तीन-चार मिनिटं असतात. त्या वेळी ताट शोधायला गेलात की संपलं. पहिल्यांदा मी हे लाडू केले ते बोरन्हाणासाठी. मधेच फोन घेतला आणि परत आले तर कढईत एकच भलामोठा लाडू! (कढई मंद आचेवर अर्धा मिनिट ठेवली की मिश्रण पुन्हा सैल होतं, हे मला त्या दिवशी कुणी सांगायला नव्हतं.) मिश्रण सैल असून लाडू बसत नसतील, तरीही परत आचेवरच ठेवायचं, पाक पुरा होईस्तोवर हलवत.

तळहात पाण्याने ओलसर करा आणि झटका. निथळत्या हाताने वळले तर लाडवाची साल मऊ पडते. आधी हलक्या हाताने गोळा करायचा, मग दोनदा घट्ट दाबायचा. पाक सणसणीत चटका देतो आणि कातडीला चिकटून बसतो, म्हणून लहान मुलांना हे काम देऊ नका.

याच पाकात मक्याच्या लाह्यांचेही लाडू होतात. अमेरिकेत तसे पॉपकॉर्नचे गोळे करायची जुनी रीत आहे, फक्त तिकडे गुळाऐवजी साखर आणि मक्याचं सिरप असतं. त्यात एक काम वाढतं. न फुटलेले गणंग एकेक वेचून काढावे लागतात, नाहीतर दाताच्या डॉक्टरांकडे फेरी.

गरम लाडू डब्यात

वाफ कोंडते आणि रात्रीत सगळं मुसळ केरात. लाडू पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गूळ हवेतलं पाणी ओढतो. जानेवारीच्या कोरड्या हवेत लाडू दहा-बारा दिवस सहज कुरकुरीत राहतात, तेच श्रावणात कोकणात केले तर दोन दिवसांत सादळतात. सादळलेला लाडू पुन्हा कडक करायच्या फंदात पडू नका. फोडून दुधात घाला, मुलं खातात.