मुक्त वादनाच्या ध्वनिमुद्रणात वादक आणि वाद्य कसे ओळखावे

प्रायोगिक उत्स्फूर्त संगीतात बंदिश, ताल, सम यांपैकी काहीच हाताशी नसते, म्हणून कोण काय वाजवीत आहे हे ठरविण्यासाठी नोंदवही लागते. बडोद्यात दांडिया बाजारात रस्ता जागा होण्यापूर्वी हेडफोन लावून ऐकणे मला सोयीचे पडते. याच शहरात १८८६ साली सुरू झालेल्या गायनशाळेत संगीतकार मौलाबक्षांनी स्वरलिपीचा पाठपुरावा केला. मुक्त वादनात मात्र स्वरलिपी फारशी कामी येत नाही, मिनिटे व सेकंदच लिहावे लागतात.

वेष्टनावरील नावे आधी वाचू नयेत. पहिल्या खेपेस वाद्याचे नावही न लिहिता आवाज घासून, आघाताने, छेडून, फुंकून की विजेवर निघाला एवढेच लिहावे. तत (तारांचे), सुषिर (फुंकून वाजणारे), अवनद्ध (चामड्याने मढविलेले), घन (झांजेसारखे ठोस) हे नाट्यशास्त्रकार भरताचे वर्ग उपयोगी पडतात, परंतु ते वाद्याला नव्हे, त्या क्षणीच्या ध्वनीला लावावेत. कारण १९६५ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या एएमएम या मुक्त वादन करणाऱ्या समूहातील कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तारांवर नाना वस्तू टेकवी आणि सोबत रेडिओही लावी, तर अमेरिकन संगीतकार जॉन केजने तारांमध्ये स्क्रू व रबर खोवलेला पियानो घनवाद्यासारखा बोलतो. जपानी वादक तोशिमारू नाकामुरा ध्वनिमिश्रण करणाऱ्या मिक्सरचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून वाजवतो. त्याच्यासाठी मला पाचवा रकाना आखावा लागला.

दुसऱ्या खेपेस डाव्या व उजव्या कानातले आवाज वेगळे करावेत. मग बाज पाहावा. सरावासाठी इव्हान पार्कर, डेरेक बेली आणि हान बेनिंक यांची १९७० सालची ‘द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज’ ही तबकडी घ्यावी : अनुक्रमे सॅक्सोफोन, गिटार, तालवाद्ये. पार्करचे एकट्याचे सोप्रानो सॅक्सोफोनचे वादन ऐकल्यास, सनईच्या साथीला सूर धरणाऱ्याप्रमाणे गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत त्याने राखलेला अखंड प्रवाह कानात बसतो. बेली मात्र कोणतीही धून जमू लागताच ती मोडतो.

शेवटी वेष्टनाशी ताळा करावा, पण चुकलेली नोंद खोडू नये. झांजेच्या कडेवरून फिरविलेला गज मी कितीदा तरी विजेच्या रकान्यात टाकला आहे. आता मी आवाजाचा आरंभ ऐकतो : गजाचा आवाज किंचित खरखरत उमलतो, जपानी वादक साचिको एमचा विजेवरचा सूर सपाट सुरू होतो.